रिकाम्या बाकड्यांपुढे खेळणारी मुलं: हायस्कूल सॉकरला प्रेक्षक कसे जमवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांची मुलगी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलच्या व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य, सॉकर संघात खेळते (सॉकर म्हणजे आपला फुटबॉल). शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलला अख्खं गाव लोटतं, सॉकरच्या मॅचला मात्र मोजून पंचवीस-तीस माणसं, आणि तीही खेळणाऱ्यांचे आईवडील. हे गृहस्थ यंदा बूस्टर क्लबच्या, म्हणजे शाळेच्या संघांना मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या, समितीत आले आहेत. पोस्टर छापावेत का, टी-शर्ट वाटावेत का, आपल्या भागातल्या ढोल-ताशा पथकाला बोलवावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी याच राज्यात, दुसऱ्या एका शाळेच्या बूस्टर क्लबमध्ये चौदा वर्षं हेच काम करतो आहे. माझी दोन्ही मुलं केव्हाच शाळेतून बाहेर पडली, मी मात्र तिथेच राहिलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोस्टर आत्ता छापू नका. पोस्टर बघून मॅचला आलेला माणूस मला चौदा वर्षांत भेटलेला नाही. जो येतो तो कुणीतरी "चल" म्हटलं म्हणून येतो, आणि पुन्हा येतो तो तिथे आपलं कुणीतरी आहे म्हणून.

हे मला इथे येऊन कळलं असं नाही, मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची, किंवा दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की आमच्या गल्लीत दुपारनंतर माणूस सापडत नसे. ऑफसाइड म्हणजे काय हे ज्यांना धड सांगता आलं नसतं असे काका, आजोबा झेंड्यामागून चालत जायचे. तालमीत कुस्ती झाली, तिथेच गणपती बसला, संध्याकाळी कट्ट्यावर तिथेच माणसं बसली, आणि त्याच तालमीचा संघ मैदानात उतरला. माणसं तालमीसाठी जायची, फुटबॉल त्यात आपोआप यायचा. आणि त्याच गावात, त्याच दिवसांत, मी शाळेच्या संघातून खेळलो तेव्हा कडेला दहा-वीस जण असायचे. खेळ तोच, गाव तेच, खेळणारी पोरंसुद्धा बरीचशी तीच. शाळेच्या संघाला तालीम नव्हती एवढाच फरक.

आपल्या न्यू जर्सीतही याचा दाखला आहे. कर्नी हे गाव तुम्हाला ठाऊक असेल, न्यूअर्कच्या पलीकडचं. तिथे आणि शेजारी क्लार्क कंपनीच्या दोऱ्याच्या गिरण्या होत्या आणि स्कॉटलंडहून आलेले कामगार होते. गिरणीच्या 'ओएनटी' संघाने १८८५ साली पहिला अमेरिकन कप जिंकला आणि पुढची दोन वर्षंही तो सोडला नाही. शंभर वर्षांनी त्याच परिसरातून जॉन हार्क्स, टोनी मिओला आणि टॅब रामोस निघाले, आणि १९९० च्या विश्वचषकात अमेरिका चाळीस वर्षांनी परतली तेव्हा ते तिघेही त्या संघात होते. सॉकर अमेरिकनांच्या रक्तात नाही असं तुम्हाला समितीत कुणीतरी ऐकवेलच. कर्नीचं नाव सांगा. जिथे संघामागे वस्ती उभी होती, तिथे प्रेक्षकही होते.

तेव्हा तुमचं काम वस्ती तयार करण्याचं आहे, जाहिरातीचं नाही. ते कसं, ते आता सांगतो.

सगळ्यात आधी सामने निवडा. हंगामात पंधरा-सोळा सामने असतात, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. या आठही सामन्यांना गर्दी जमवायला निघालात तर तिसऱ्या आठवड्यात दमाल आणि मुलंही कंटाळतील. तीन निवडा. एक सप्टेंबरमधला, हवा छान असते आणि अभ्यासाचा ताण अजून वाढलेला नसतो तेव्हाचा. एक शेजारच्या गावाशी असलेला, ज्यात मुलांना एकमेकांची नावं माहीत असतात. आणि तिसरी सीनियर नाइट, जिच्यात बारावीच्या मुलींना आईवडिलांसोबत मैदानात बोलावून निरोप देतात. बाकी पाच सामन्यांना जे येतील ते येतील.

दुसरी गोष्ट वेळ, आणि ही तुमच्या हातात सर्वांत कमी आहे म्हणून लवकर सुरू करावी लागते. दुपारी चारची मॅच म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांना अर्धी रजा. शाळा पावणेतीनला सुटते, मुलं घरी जातात, आणि एकदा घरी गेलेलं मूल चार वाजता परत येत नाही. म्हणून ॲथलेटिक डायरेक्टरना, म्हणजे शाळेच्या क्रीडाप्रमुखांना, भेटा, पण सप्टेंबरमध्ये भेटून उपयोग नाही. फॉलचं, म्हणजे शरद ऋतूतल्या हंगामाचं, वेळापत्रक हिवाळ्यात-वसंतातच ठरतं. पंच नेमलेले असतात, बस ठरलेल्या असतात, समोरच्या शाळेचा होकार लागतो. आम्ही दरवर्षी फेब्रुवारीत जातो आणि फक्त दोनच मागण्या ठेवतो: या दोन तारखा संध्याकाळी सातला, दिव्याखाली, आणि जमलं तर मुलांची आणि मुलींची मॅच एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर, एकापाठोपाठ. बऱ्याच ठिकाणी मुलं घरी खेळतात त्याच दिवशी मुली बाहेरगावी असतात, त्यामुळे दोन्ही संघ एकमेकांना कधी बघतच नाहीत. हे एक बदललंत तरी चाळीस प्रेक्षक फुकट मिळतात, आणि तेही खेळ कळणारे.

दिवे नसतील, चारशिवाय पर्याय नसेल, तर सुटीनंतरचा तो सव्वा तास सांभाळा. आम्ही कॅफेटेरियात पिझ्झा ठेवतो आणि गृहपाठाला बसायला टेबलं मोकळी करून घेतो. पावणेचारला बँडमधला एक मुलगा ड्रम वाजवत पुढे आणि बाकीचे मागे, असे सगळे मैदानाकडे निघतात. वेगवेगळे निघालेले दोघं-चौघं रस्त्यात गळतात, एकत्र निघालेले तीस तीसच्या तीस पोहोचतात.

आता जागा. याकडे कुणाचं लक्षच जात नाही, आणि मला विचाराल तर निम्मा फरक इथेच पडतो. तुमच्या मैदानाभोवती ट्रॅक असणार. आठ लेनचा ट्रॅक म्हणजे नऊ-दहा मीटर, त्यापलीकडे ॲल्युमिनियमची बाकडी, आणि ती अमेरिकन फुटबॉलच्या हिशेबाने बांधलेली, हजार-दीड हजार माणसांची. त्यात साठ जण विखरून बसले की रिकामं दिसतं. तेच साठ जण एका खणात खांद्याला खांदा लावून उभे राहिले की समोरचा गोलकीपर मान वळवून बघतो. आमच्या पहिल्या वर्षी मी बाकड्यांच्या दोन्ही टोकांना साधी पिवळी दोरी बांधली, मधला एकच खण मोकळा ठेवला आणि त्याच्या पुढच्या चार ओळींवर "विद्यार्थी, उभे राहून" एवढी पाटी लावली. त्या दिवशी प्रेक्षक मागच्या सामन्याइतकेच होते. तरी मध्यांतराला आमचा कॅप्टन कुंपणाशी येऊन म्हणाला, "आज किती लोक आलेत!"

पुढच्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना बाकड्यांवरून खाली, कुंपणाला लागून उभं केलं. टचलाइनपासून किती अंतर ठेवायचं, कुठे उभं राहू द्यायचं याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या. पण मिळेल तेवढं जवळ जा. चेंडूला पाय लागल्याचा आवाज, दमलेल्या मुलीचा श्वास, दोन खेळाडू एकमेकींना ओरडून काय सांगतात ते, हे सगळं ज्याने जवळून ऐकलं तो प्रेक्षक फोनमध्ये डोकं घालत नाही.

आता माणसं. तुम्हाला दोनशे जण नको आहेत, वीस हवे आहेत. वीस जण असे, की पाऊस असो, संघ हरत असो, ते येणार. बाकीचे त्यांच्याभोवती जमतात. हे वीस कोण, ते शोधताना पहिल्यांदा सगळे चुकतात, मीही चुकलो. आम्ही शाळेतली सर्वांत लोकप्रिय मुलं गाठली. ती पहिल्या मॅचला आली, सेल्फी काढले, दुसऱ्या मॅचला त्यांना दुसरं काही होतं. खरे टिकले ते वेगळेच. जेव्हीची, म्हणजे शाळेच्या दुय्यम संघातली मुलं, ज्यांना पुढच्या वर्षी याच संघात यायचं आहे. नववीची मुलं, ज्यांना अजून शाळेत आपली जागा सापडलेली नाही आणि कुठेतरी हक्काने उभं राहायचं आहे. संघातून निवडीच्या वेळी वगळली गेलेली मुलं, ज्यांचं खेळावरचं प्रेम संपलेलं नसतं पण ज्यांना कुणी परत बोलावत नाही. आमच्या विद्यार्थी-प्रेक्षकांचा सर्वांत चांगला पुढारी असाच मिळाला. सलग दोन वर्षं निवड न झालेला मुलगा. त्याला खेळ संघातल्या कित्येकांपेक्षा जास्त कळत होता. त्याच्याकडे ड्रम आणि माइक दिला आणि सांगितलं, हे तुझं. चौथ्या वर्षी सीनियर नाइटला प्रशिक्षकांनी त्याला खेळाडूंच्या रांगेत उभं केलं.

आणि या सगळ्याहून मोठी युक्ती एकच, ती म्हणजे देणंघेणं. तुमच्या सॉकरच्या मुली व्हॉलीबॉलच्या मॅचला जातात का? क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीला, टेनिसला, मार्चिंग बँडच्या स्पर्धेला? फॉलमध्ये हे सगळे तुमच्यासारखेच रिकाम्या बाकड्यांपुढे खेळत असतात. आमच्या प्रशिक्षकांनी नियमच केला: हंगामात दोनदा अख्ख्या संघाने, जर्सी घालून, दुसऱ्या खेळाच्या सामन्याला जायचं आणि शेवटपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा मुली व्हॉलीबॉलला गेल्या तेव्हा त्यांना काय ओरडायचं तेही माहीत नव्हतं, तरी त्या दीड तास उभ्या राहिल्या. पुढच्या मंगळवारी व्हॉलीबॉलचा संघ, गुडघ्याला पॅड तसेच, सरावातून थेट आमच्या कुंपणाशी. कुणी निरोप पाठवला नव्हता. लग्नात आहेर लिहून ठेवायची आपली पद्धत आहे ना, कुणी आपल्याकडे काय दिलं ते लक्षात ठेवून परत करायचं, अगदी तसंच हे चालतं. बूस्टर क्लबने एवढंच करावं की कोण कुणाकडे गेलं याची वही ठेवावी.

आवाजाबद्दल आता थोडं जास्त लिहितो, कारण इथे कोल्हापूर कामाला आलं.

अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल पाहत वाढलेल्या मुलांना ओरडायला थांबे लागतात. तिथे खेळ सारखा थांबतो, तेव्हा चिअरलीडर ओरडायला सांगतात, लोक ओरडतात. सॉकर थांबतच नाही. चाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये दहा मिनिटं. त्यामुळे गोल झाल्यावरच ओरडायचं असं मुलांना वाटतं, आणि गोल तर दीड तासात एखादा. म्हणून त्यांना जागा शिकवाव्या लागतात. आपल्या संघाला कॉर्नर मिळाला की टाळ्या हळू सुरू करायच्या आणि किक मारेपर्यंत वाढवत न्यायच्या. आपल्या गोलकीपरने चेंडू हातात घेतला की तिचं नाव घ्यायचं. बदली होताना खेळाडू बाहेर येते तेव्हा उभं राहून टाळ्या, आत जाते तिचंही नाव. आपल्यावर गोल झाला की सर्वांत मोठ्याने, तिथल्या तिथे, लगेच. हे शेवटचं मुलांना सर्वांत अवघड जातं आणि मैदानातल्या मुलींना तेच सर्वांत जास्त लक्षात राहतं.

हायस्कूलच्या सामन्यांत एक सोय अशी आहे जी व्यावसायिक सॉकरमध्ये नाही. इथे फलकावरचं घड्याळ उलटं चालतं, चाळीसवरून शून्याकडे, आणि सगळ्यांना दिसतं. शेवटची दहा सेकंदं सगळ्यांनी मिळून मोजायची. पहिल्यांदा आलेल्या माणसालाही यात भाग घेता येतो, काही शिकावं लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा ठेका. शब्दांवर वेळ घालवू नका. मुलं दोन ओळी रचतात, चार वेळा म्हणतात आणि विसरतात. ठेका धरला की तो ऐंशी मिनिटं टिकतो. आमच्याकडे सुरुवातीला बँडचा एक मोठा ड्रम होता, पण वाजवणारा दर दोन मिनिटांनी थांबायचा, कारण काय वाजवावं ते त्याला कळत नव्हतं. एका शनिवारी मी घरून हलगी घेऊन गेलो. थंडी होती, कातडं सैल पडलेलं, आवाज बसका येत होता. शेकायला जाळ कुठून आणणार, म्हणून गाडीचा हीटर पूर्ण सोडून हलगी त्याच्यासमोर धरून बसलो. दहा मिनिटांत कातडं ताणलं, डाव्या हाताच्या बारीक काडीने वाजवून पाहिलं, आवाज खणखणीत. मग त्या ड्रमवाल्या मुलाला म्हटलं, तू फक्त जड ठोका धर, हलगीच्या जोडीला वाजणाऱ्या घुमक्यासारखा, मी मधल्या जागा भरतो. त्याने धरला. पाच मिनिटांत पुढच्या ओळीतल्या मुली पायाने ठेका देत होत्या, ॲल्युमिनियमच्या फळीवर. त्या बाकड्यांइतकं मोठं वाद्य शाळेत दुसरं नाही! तेव्हापासून दरवर्षी आम्ही बँडमधली दोन मुलं तयार करतो. हलगी आता एक मुलगी वाजवते, तिच्या घरात स्पॅनिश बोलतात, आणि ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते.

एक सूचना: वाद्यांचे नियम आधी बघा. नियमित हंगामात जे चालतं ते राज्य स्पर्धेच्या बाद फेरीत चालेलच असं नाही, आणि भोंगे, हवेचे हॉर्न यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. ती योग्यच आहे. हॉर्नला ठेका नसतो, त्याने नुसता त्रास होतो.

नावांबद्दल. सामन्याआधी लाउडस्पीकरवर अकरा जणींची नावं घेतात. त्यात ऋजुता, मृण्मयी, अद्विका असतील तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. निवेदक अडखळतो, लोक हसतात, आणि मुलगी खाली मान घालून धावत पुढे येते. आमच्या संघात एका मुलीने चार वर्षं सगळ्यांना आपलं नाव अर्धं करून सांगितलं होतं. आम्ही ऑगस्टमध्येच प्रत्येकीकडून फोनवर स्वतःचं नाव स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतो आणि निवेदकाला ते पाठ करायला लावतो. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांकडूनही त्यांची नावं आधी मागवतो. त्या मुलीचं पूर्ण नाव पहिल्यांदा मैदानावर नीट घुमलं तेव्हा विद्यार्थ्यांनी ते उचललं आणि तालात म्हणायला लागले. तिची आई माझ्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त माझा दंड घट्ट धरला.

मुलींच्या सामन्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमचा प्रश्न मुलीसाठी आहे. पहिली चार वर्षं आम्ही सगळी ताकद मुलांच्या संघामागे लावली. तेव्हा कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही. ते चूक होतं. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलींना खेळाची समान संधी देणं भाग पडलं, आणि त्यातूनच १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ माणसं बसलेली दिसली. आपल्या या छोट्या राज्याने अमेरिकेच्या महिला संघाला डेलरनची कार्ली लॉइड दिली, ईस्ट ब्रन्सविकची हेदर ओ'रायली दिली, बास्किंग रिजची टोबिन हीथ दिली. त्या अशाच मैदानांवर, शाळेच्या जर्सीत खेळल्या आहेत. तेव्हा दिव्याखालची तारीख मागताना मुलींसाठी आधी मागा. ड्रम दोन्हीकडे जाईल असं लेखी ठरवा, नाहीतर तो मुलांच्याच सामन्याला जातो.

लहान मुलं आणा. गावच्या रेक्रिएशन लीगमधल्या आठ-दहा वर्षांच्या मुलींचा एक संघ प्रत्येक मोठ्या सामन्याला बोलवा. व्हर्सिटीच्या मुलींचा हात धरून त्या मैदानात येतात आणि मध्यांतरात सात-आठ मिनिटं छोटा सामना खेळतात. प्रत्येकीमागे आई, बाबा, भावंड आणि आपल्याकडची असेल तर आजीआजोबा. एकच काळजी घ्या: छोटा सामना झाल्यावर ही मंडळी घरी निघतात. म्हणून आम्ही सह्या मॅच संपल्यावर ठेवतो. खेळाडू कुंपणाशी येतात, पोरींच्या टी-शर्टवर, प्लॅस्टरवर, हातावर सही करतात. सतरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी सही मागतं, त्या क्षणी ती बदलते. आणि सही घेणारी सहा वर्षांनी तुमच्याच शाळेत येणार असते.

आता आपल्या मराठी आणि एकूण देशी आईवडिलांबद्दल मनापासून लिहितो. आपण आपल्या मुलीचा खेळ बघायला जातो, संघाचा नाही. घडीची खुर्ची लांब कोपऱ्यात लावतो, ती बाकावर बसली की लॅपटॉप उघडतो, आणि ती मैदानात असली की "लेफ्ट, लेफ्ट, पास कर" असं मराठीत ओरडून तिला गोंधळात टाकतो. तिच्या प्रशिक्षकांनी भलतंच सांगितलेलं असतं, आणि दोघांचं एकाच वेळी ऐकणं तिला शक्य नसतं. मी नव्या पालकांना दोन विनंत्या करतो. खुर्च्या एकत्र लावा. आणि सूचना न देता फक्त नावं घ्या, आपल्या मुलीचं सोडून दुसऱ्या दहाजणींची. दहा घरांनी हे केलं की प्रत्येक मुलीच्या नावाने नऊ अनोळखी आवाज उठतात.

आपल्यातले बरेच जण क्रिकेट बघत वाढले, त्यांना खेळ नीट कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. आम्ही एका पानाची घडी करतो: ऑफसाइड काय, पिवळं कार्ड का, घड्याळ कधी थांबतं, कुठल्या मुलीचा नंबर कुठला. आजीआजोबा सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे आलेले असतात, त्यांना ब्लँकेट आणि थर्मासमधला चहा द्या. जे भारतात आहेत त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण चालू ठेवा. चारची मॅच म्हणजे तिकडे रात्रीचा दीड, पण सातची मॅच पहाटे साडेचारला दिसते आणि पहाटे उठणारे आजोबा आपल्याकडे घरोघरी आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग थंडी एकदम पडते. तेव्हा खाण्याची टपरी मध्यांतराची वाट बघत बसू नये, दहा मिनिटांत रांग संपत नाही. ट्रे घेऊन बाकड्यांमधून फिरा. शाळेची परवानगी काढून आम्ही एका मॅचला वडापाव ठेवला होता, पहिला भाग संपायच्या आत संपला. पाहुण्या संघाच्या पालकांनीही रांग लावली.

खेळाच्या दर्जाची जाहिरात करू नका. अव्वल मुलं हल्ली क्लबच्या अकादमीत जातात. २०१२ पासून तर मुलग्यांच्या अकादमीचा हंगाम दहा महिन्यांचा झाला आणि त्यातल्या मुलांना शाळेसाठी खेळणं बंद करावं लागलं; आजही वरच्या स्तरावर बहुधा तसंच आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अकादमीच्या सामन्याला केमिस्ट्रीच्या बाई येत नाहीत, बसचालक येत नाही, वर्गातला शेजारी येत नाही. शाळेच्या सामन्याला ते येऊ शकतात, आणि त्यांना बोलवायचं काम मुलींनीच करायचं. आमची प्रत्येक सीनियर तिला घडवणाऱ्या एका शिक्षकाला हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि आपली जुनी जर्सी देते, आणि मॅचच्या दिवशी ती घालून शिकवा असं सांगते. शिक्षक दिवसभर ती घालून वर्गात उभे राहतात. संध्याकाळी न येणारा शिक्षक अजून पाहिला नाही.

आणि मर्यादा. जमाव तयार केलात की त्याची जबाबदारी तुमची. कोल्हापुरात मी मैदानावर दगड येताना पाहिले आहेत, हुल्लडबाजीने स्पर्धा बंद पडलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यात नुकसान खेळणाऱ्या पोरांचं झालं. इथे आमच्याही विद्यार्थ्यांनी एकदा समोरच्या गोलकीपरच्या नावावरून आणि दिसण्यावरून ओरडायला सुरुवात केली. ड्रम चालू होता म्हणून मला उशिरा ऐकू आलं. ती मुलगी रडत खेळत होती. आम्ही ड्रम तिथेच बंद केला, पुढचे तीन सामने विद्यार्थ्यांचा खण बंद ठेवला, आणि त्यांच्या पुढाऱ्याने त्या शाळेत जाऊन तिची माफी मागितली. तेव्हापासून नियम तोंडी नाही, मुलांनी स्वतः लिहून सही केलेला आहे: आपल्या संघाबद्दल काहीही, समोरच्यांबद्दल काही नाही, पंचांबद्दल तर नाहीच. पंच मिळेनासे झाले आहेत, आणि त्यातले कित्येक प्रेक्षकांना कंटाळून सोडून गेले आहेत. विद्यार्थ्यांजवळ एक मोठा माणूस नेहमी उभा हवा, त्यांच्या ओळखीचा, आणि त्याने सामना बघायचा नाही, मुलांकडे बघायचं.

आता तुमच्या ढोल-ताशा पथकाच्या प्रश्नाचं उत्तर. बोलवा, पण पहिल्या वर्षी नको, आणि तिन्हींपैकी पहिल्या सामन्याला तर अजिबात नको. तीस ढोल वाजले की लोक पथक बघायला येतात, व्हिडिओ काढतात आणि जातात. पुढच्या मॅचला मुलांचा एकटा ड्रम केविलवाणा वाटतो आणि वाजवणारा लाजतो. आधी त्या एका ड्रमला मान मिळू द्या. दुसऱ्या वर्षी, सीनियर नाइटला, मॅच सुरू व्हायच्या आधी पथकाने पार्किंगपासून मैदानापर्यंत संघाला वाजवत आणावं आणि तिथे थांबावं. पुढची ऐंशी मिनिटं मुलांची. टी-शर्टही तसेच: पहिल्या वर्षी फक्त त्या वीसजणांना, आणि तेही तीन सामने पूर्ण उभे राहिल्यावर. फुकट वाटलेला टी-शर्ट घरात झोपायला वापरतात, मिळवलेला घालून मॅचला येतात.

तुमच्याकडे सराव ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होईल. त्याच आठवड्यात जेव्ही आणि नववीच्या मुलींना, आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांनाही, एकदा एकत्र जेवायला बोलवा. बँडच्या शिक्षकांना भेटा. दोरी विकत आणा. तुमच्या तीन तारखा ठरल्या की मला कळवा, त्यातली एखादी शनिवारी असेल तर मी हलगी घेऊन येतो, तुमच्या ड्रमवाल्या पोराबरोबर तासभर आधी बसतो.